साखर कारखान्याच्या राखेपासून सिमेंट न घालता ब्लॉक बनवता येतील का?

येतील, पण नुसत्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेचे नाहीत. वाळवा तालुक्यात राख जवळपास फुकट मिळते म्हणून तुम्ही शेड टाकायचा विचार करताय, असं प्रश्नात लिहिलंय. शेडआधी राख तपासा.

सिमेंटशिवाय पकड दोन मार्गांनी येते. पहिल्यात राखेतली सिलिका आणि चुना पाण्यात हळूहळू एकमेकांशी बांधले जातात. विशाखापट्टणमच्या भानुमतीदास आणि कालिदास यांची 'फाल-जी' वीट याच तत्त्वावरची: फ्लाय ॲश (वीज केंद्रातली कोळशाची बारीक राख), चुना, जिप्सम. भट्टी लागत नाही. दुसरा मार्ग जिओपॉलिमरचा. यात फ्लाय ॲश किंवा पोलाद कारखान्याची दळलेली स्लॅग (भट्टीतली टाकाऊ मळी) कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटच्या द्रावणात कालवतात. नुसत्या फ्लाय ॲशला साधारण 60 अंशांची उष्णता द्यावी लागते, स्लॅग मिसळली की माल साध्या हवेतच धरतो.

बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर, पण ॲल्युमिना कमी. जिओपॉलिमरला दोन्ही लागतात, म्हणून तो तिच्या एकटीवर उभा राहत नाही. शिवाय तिच्यात अर्धवट जळालेला काळा कार्बन आणि उसाबरोबर आलेली माती असते. कार्बन पाणी पितो आणि ताकद घालवतो. बॉयलर फार तापला तर सिलिका स्फटिक होते, मग ती चुन्याला दाद देत नाही. एकाच कारखान्याची राखसुद्धा रोज सारखी निघत नाही. फ्लाय ॲशच्या आयएस 3812 मानकात जळून घटणारा भाग 5 टक्क्यांच्या आत लागतो, बगॅसची राख बऱ्याचदा त्यात बसत नाही. ती चाळून, बारीक दळून, फ्लाय ॲशच्या जोडीला वापरायची. गळीत हंगाम संपला की तीही संपते, म्हणून साठ्याला छप्पर धरा.

फ्लाय ॲश सोलापूरच्या किंवा विजयपूरकडच्या कुडगीच्या वीज केंद्रातून येईल, स्लॅग डोलवी किंवा तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यातून. तेव्हा राखेचा भाव नाही, गाडीभाडं मोजा.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात राख-चुना-जिप्समच्या विटेने करा. जिओपॉलिमरच्या द्रावणाची रसायनं महाग, आणि कॉस्टिक कातडी व डोळे जाळतो. चष्मा-हातमोज्यांशिवाय कामगाराला त्याच्याजवळ उभं करू नका. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचा, त्यावर पाणी कधीच ओतायचं नाही.

चुनाही चुनखडी भाजूनच होतो. 1 टन शुद्ध चुनखडी भाजली की 440 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून ॲसिटिलीन गॅस बनवणाऱ्यांकडचा चुन्याचा गाळ मिळतो का, ते आधी शोधा. तोही टाकाऊ माल आहे आणि या विटेत चालतो. असं काही जमलं तर मला मनापासून आनंद होईल.

मशीनचा ॲडव्हान्स देण्याआधी तुमच्याच राखेचे नमुने करा. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात 28 दिवसांची दाबशक्ती तपासून मिळते का, ते विचारा. वीट 24 तास पाण्यात ठेवल्यावर वजन 20 टक्क्यांहून जास्त वाढायला नको. भिजवून-वाळवून पुन्हा दाबशक्ती बघा. 2019 च्या महापुरात कृष्णाकाठच्या भिंती कित्येक दिवस पाण्यात होत्या, तुमची वीटही त्याच गावांत जाणार आहे.

तुमचा कारखाना धुराड्याची राख कोरडी पकडतो की पाण्याने, ते कळवा. पाण्याची असेल तर वाळवणीचा खर्चही हिशेबात धरावा लागेल.