मांस, अंडी, दूध सोडून फक्त वनस्पतीजन्य आहार घेतला तर घरखर्च खरंच कमी होतो का?

तुम्ही लिहिलंय की दोघंही पुण्यात नोकरी करता, मिस्टरांनी कुठल्याशा व्हिडिओत 'एक तृतीयांश खर्च वाचतो' असं ऐकलं आणि आता घरात मांस, अंडी, दूध सगळंच बंद करायचं घाटतंय. ताई, पैसे वाचतात. पण स्वयंपाकाला कुणाचे हात लागणार ते आधी ठरवा, हिशोब मग बघू.

तो एक तृतीयांशचा आकडा ऑक्सफर्डच्या संशोधकांचा आहे, २०२१ साली लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थमध्ये आलेला. माझ्या मुलीने शोधून वाचून दाखवला. तो अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा श्रीमंत देशांसाठी आहे. आपल्या उपखंडाबद्दल त्याच अभ्यासात उलटं निघालंय: असा चौरस आहार लोक आज जे खातात त्याच्यापेक्षा निदान एक तृतीयांश महागच पडेल. पडणारच. आपल्याकडे गरिबाचं पोट आधीच भात-भाकरीवर भरतं, त्यात डाळ, भाजी, फळं, शेंगदाणे नीट घालायचे तर पैसे लागतात. तुमच्या घरात मांस, अंडी, दूध आधीच येतंय, म्हणून ते बंद केल्यावर पैसे सुटतात. शिवाय त्यांनी धरला तो किराणा. हॉटेल, पार्सल, तयार पाकिटं हिशोबात नाहीत. म्हणजे सगळं घरी शिजवायचं. कुणी शिजवायचं, ते त्यात नाही.

आणि नेमकं याच गोष्टीवरून आमच्या घरात अजून वाद आहे, म्हणून एवढं लिहायला बसले.

मिरजेत आमची मेस होती. मेडिकलची, नर्सिंगची पोरं-पोरी जेवायला यायची. स्वयंपाक मी आणि सासूबाई बघायचो, वही थोरल्या भाऊजींकडे. २०१५ ला दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिलेला. सरकारने साठेबाजांवर धाडी घातल्या, बाहेरून डाळ मागवली, पण तोवर गावातल्या सगळ्या खानावळींच्या आमटीचं पाणी झालं होतं. डाळीपेक्षा चिकन स्वस्त, हा तेव्हाचा चालू विनोद. भाऊजींनी वही मिटली आणि निकाल दिला, "वरण बंद. रोज अंडाकरी टाका. चिरायला नको, निवडायला नको." पातेलंभर उकडलेली अंडी सोलायला भाऊजी कधी बसले नव्हते, त्यामुळे त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. त्यात निम्मी पोरं जैन आणि लिंगायत घरांतली. त्यांनी काय जेवायचं, याला वहीत उत्तर नव्हतं.

मी तूरडाळ आठवड्यातून एकदाच ठेवली. बाकीचे दिवस अख्खा मसूर, मटकी, चवळी, हरभऱ्याच्या डाळीची आमटी, शेंगदाण्याची आमटी आणि जतकडून येणारे हुलगे. अख्ख्या मसुराने आम्हाला तारलं. रात्रभर भिजवायचं काम नाही, कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजून वाटलं आणि वरून कट आला की पोरं भाकरी कुस्करून खायची. आमच्या इस्लामपूर-कराड पट्ट्यातले ढाबे याच मसुरावर चालतात, त्यामुळे घरच्या गरिबीचं जेवण वाढलंय असं कुणाला वाटत नसे. उलट बाहेर ज्याचे जादा पैसे मोजायचे ते मेसमध्ये मिळालं.

हुलग्याची गंमत वेगळी. स्वस्त, पण खडे असे की हुलग्याच्याच रंगाचे आणि हुलग्याएवढेच. नर्सिंगच्या एका पोरीच्या दाताखाली आला, तिने सगळ्यांसमोर ताट सरकवलं. तेव्हापासून सासूबाई दुपारी परातीत मूठमूठ घेऊन उजेडाकडे तोंड करून निवडायला बसायच्या. निवडून झाले की भिजत घालायचे, उपसायचे, फडक्यात बांधायचे. थंडीत मोड येत नाहीत, मग ते गाठोडं डब्यात घालून गॅसजवळ ठेवायचं. एक दिवस जास्त राहिलं की बुळबुळीत होऊन वास मारतं, सगळं टाकून द्यायचं. आणि शिजायला शिट्ट्यांवर शिट्ट्या. सिलिंडर काय फुकट येतो?

तर महिनाअखेरीला वहीत किराणा चांगलाच उतरला. भाऊजी खूश. अजून प्रत्येक लग्नात सांगतात, डाळीच्या महागाईत मेस कशी तगवली. पुढे सासूबाईंचे गुडघे गेले म्हणून मी निवडण-टिपण आणि भाकरीला एक बाई ठेवली. लगेच वहीत 'पगार' असा नवा रकाना आला आणि भाऊजी म्हणाले, बाईमुळे शाकाहारी थाळी परवडेनाशी झाली.

बाईमुळे नाही, भाऊजी. ती थाळी तुमच्या वहीत परवडत होती, कारण आम्ही दोघी वहीत नव्हतो.

म्हणून तुम्हाला सांगते, मिस्टरांना हा बेत करायचा असेल तर खुशाल करू दे, पण कडधान्य निवडणं, भिजवणं, मोड आणणं हे खातं त्यांच्याकडे द्या. एक महिना किराण्याच्या वहीतच वेळही लिहायचा. कंटाळून पार्सल मागवलं तर तेही तिथेच लिहायचं. मग बोलू वाचले किती ते.

तूरडाळीवर सगळी भिस्त ठेवू नका. २०१५ ला दोनशेला गेलेली तूर २०१७ ला एवढी पिकली की क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव असूनही सरकारी खरेदी केंद्रांवर बारदान नाही म्हणून शेतकरी पोती घेऊन ताटकळत होते. भाव असा वरखाली होतो. घरात चार-पाच प्रकारची कडधान्यं असली की एक महागलं तरी अडत नाही.

मॉलमधलं बदामाचं दूध, टोफू, 'मांसासारखं' लागणारं पाकीट, हे घेणार असाल तर बचतीचा विषय सोडा. गाईचं दूध साधारण साठ रुपये लिटर, रोज लिटरभर बंद केलं तर महिन्याला अठराशे सुटतात. बदामाच्या दुधाचे खोके आणले की ते गेले, वर पदरचे घालावे लागतील. शेंगदाणे, फुटाणे, सोयाबीनच्या वड्या आणा. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. वड्या नुसत्या खाववत नाहीत, खिम्यासारखा मसाला लागतो, हेही खरं.

मी स्वतः मटण खाते. किलोला आठशेच्या घरात गेलंय, म्हणून आता सणावारीच. तेव्हा मी कुणी शाकाहाराची प्रचारक नाही. अंड्यांवरही राग नाही माझा, ज्यांना चालतात त्यांना एवढ्या पैशांत दुसरं इतकं सोपं काही मिळत नाही. राग त्या "निवडायला नको" वर आहे.

आणि बी१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीतून मिळत नाही. दूध-अंडी दोन्ही सुटणार असतील तर गोळ्या घ्याव्याच लागतील, त्यांचे पैसेही धरा. घरात लहान मूल असेल किंवा तुम्हाला दिवस असतील तर व्हिडिओवर जाऊ नका, डॉक्टरांना विचारा. मिस्टरांना दूध सोडायचंय तर त्यांनी सोडावं. तुमच्या चहाला हात लावू देऊ नका.