सामाजिक सर्वेक्षणासाठी संख्याशास्त्र किती शिकावे आणि सुरुवात कोठून करावी?

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीच्या यंत्रमाग वस्त्यांत कुटुंबांचे सर्वेक्षण करण्यापुरते संख्याशास्त्र आपल्याला हवे आहे. सूत्रांआधी चलाचा (म्हणजे कुटुंबागणिक बदलणाऱ्या, नोंदवायच्या बाबीचा) प्रकार ओळखायला शिकावे, कारण व्यवसाय किंवा पाण्याचा स्रोत यांची सरासरी निघत नाही. तेथे टक्केवारी, द्विमार्गी सारणी (दोन चलांचा आडवा-उभा तक्ता) आणि त्या दोन चलांत संबंध आहे का हे तपासणारी काय-वर्ग (chi-square) कसोटी उपयोगी पडते, मात्र सारणीच्या बहुतेक कप्प्यांत अपेक्षित वारंवारता (संबंध नसता तर त्या कप्प्यात आली असती ती संख्या) किमान ५ असावी. उत्पन्नासाठी मध्यक (उत्पन्ने क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) पाहावा, कारण नमुन्यात दोन-चार कारखानदार आले तरी सरासरी फुगते. एवढ्याला एक्सेल पुरते. टक्केवारीच्या अंदाजाला ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटीमर्यादा (म्हणजे अशा १०० पैकी सुमारे ९५ सर्वेक्षणांत अंदाज खऱ्या आकड्याच्या ५ टक्के-बिंदूंच्या आत) हवी असल्यास सुमारे ३८५ उत्तरे लागतात, पण निवड यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, हवी. चहाच्या गाड्यावर भेटतील त्यांना विचारून (हे सर्रास चालते) अशी मर्यादा सांगता येत नाही.