मंदक्रोध : नाक, श्वास आणि राग

प्रश्न असा आला आहे : मराठी बायबलात देवाला 'मंदक्रोध' म्हटलंय (स्तोत्र १०३:८, योना ४:२). याचा अर्थ देवाचा राग सौम्य असतो असा घ्यायचा का? आणि ख्रिस्ती शिकवणुकीत 'सहनशीलता' आणि 'धीर' असे दोन शब्द कशाला, एकानं भागलं नसतं का?

आधी समास सोडवू. मंद आहे क्रोध ज्याचा तो मंदक्रोध, म्हणजे बहुव्रीही. घोटाळा होतो तो 'मंद'मुळे. मंद प्रकाश म्हणजे अपुरा प्रकाश, मंद आच म्हणजे कमी आच; पण मंदगती म्हणजे सावकाश चाल. मंदक्रोधातला मंद हा मंदगतीतला आहे. राग फिका नसतो, तो यायला वेळ लागतो. याकोब १:१९ मध्ये माणसानं ऐकायला तत्पर, पण बोलायला आणि रागवायला सावकाश असावं असं सांगितलंय. तिथे बोलणं आणि राग दोन्हींसाठी 'ब्रादुस' हा एकच ग्रीक शब्द आहे. बोलायला सावकाश म्हणजे दबक्या आवाजात बोलणारा नव्हे, तोंड उघडायची घाई न करणारा. रागाचंही तसंच.

पण खरी गंमत हिब्रूत, म्हणजे जुन्या कराराच्या मूळ भाषेत आहे. मंदक्रोधाच्या जागी तिथे 'एरेख अप्पायिम' असे शब्द आहेत. 'अफ' म्हणजे नाक, आणि अफ म्हणजे रागसुद्धा. अप्पायिम हे त्याचं द्विवचन, नाकपुड्या. शब्दशः अर्थ काढला तर 'लांब नाकपुड्यांचा'! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आपलं 'राग अगदी नाकाच्या शेंड्यावर' आठवून मी पान तसंच उघडं ठेवून बसलो. हिब्रूत माणूस संतापला की त्याचं 'नाक पेटतं', आणि नीतिसूत्रे १४:१७ मधला शीघ्रकोपी माणूस 'आखूड नाकपुड्यांचा' आहे. पुढे १४:२९ मध्ये लांब नाकपुड्यांच्या माणसासमोर 'आखूड रूआह'चा माणूस उभा केलाय. रूआह म्हणजे वारा, श्वास, आत्मा. नाकाचा संबंध श्वासाशी कसा येतो ते इथे उघड दिसतं. लांब नाकपुड्यांचा म्हणजे ज्याचा श्वास लांब आहे तो.

आता आपण काय म्हणतो बघा. 'जरा दम धर', 'दमानं घे'. हा दम फारसीतला, म्हणजे श्वास. संस्कृतातला दम वेगळा, त्याचा अर्थ निग्रह. व्युत्पत्ती दोन, पण 'दम धर' म्हणताना आपल्याला दोन्ही हवे असतात : श्वास घे आणि स्वतःला आवर. 'एरेख अप्पायिम'चं घरगुती मराठी भाषांतर करायला कुणी सांगितलं, तर मी 'दमानं घेणारा' असंच करीन.

मराठीच्या व्याकरणातही या विषयाचं एक मर्म दडलंय. आपण 'मी राग येतो' म्हणत नाही, 'मला राग येतो' म्हणतो. राग येणारा, मी नुसता ज्याच्याकडे तो आला तो. पण पुढची क्रियापदं पाहा : मी राग काढतो, राग धरतो, राग गिळतो, राग आवरतो. इथे कर्ता मी आहे. इफिसकरांस पत्रातलं 'रागवा, पण पाप करू नका. सूर्य मावळेपर्यंत राग राहू देऊ नका' (४:२६) हे वाक्य नेमकं या दोन वाक्यरचनांच्या मधल्या जागेत बसतं. राग येण्याला तिथे बंदी नाही, धरून ठेवण्याला आहे. येशूनंही कठीण मनाच्या लोकांकडे रागानं पाहिलं असं मार्क ३:५ स्पष्ट सांगतो; त्याच वाक्यात तो खिन्न झाला असंही आहे, आणि लगेच त्यानं वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं केलं. राग, दुःख आणि दया अशी एकामागोमाग येतात.

योना हा संदेष्टा; देवानं त्याला निनवे शहराला इशारा द्यायला पाठवलं, तर तो आधी पळून गेला होता. त्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तर हिब्रू वाक्य मराठीसारखंच आहे : 'वय्यिखर लो', त्याला पेटलं, म्हणजे त्याला राग आला. कशाचा? निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला आणि देवानं त्यांचा नाश केला नाही, याचा. तो देवालाच ऐकवतो की तू मंदक्रोध आहेस हे मला माहीत होतं, म्हणूनच मी पळालो होतो. देवाचा हा गुण इथे तक्रार म्हणून आलाय! देव त्याला झापत नाही. 'तुला राग आला हे ठीक आहे का?' एवढंच विचारतो. मग सावलीसाठी एक रोप उगवतं, दुसऱ्या दिवशी किडा लागून ते वाळतं, योना पुन्हा तापतो, देव पुन्हा तोच प्रश्न विचारतो. १,२०,००० हून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं यांची मला कीव येऊ नये का, या प्रश्नावर पुस्तक संपतं. योनाचं उत्तर दिलेलंच नाही. देव वाट पाहतोय, आणि मंदक्रोध या शब्दाची याहून चांगली टीप मला कुठे सापडलेली नाही.

आता दुसरा प्रश्न. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. 'मक्रोथुमिया', म्हणजे लांब आणि राग मिळून झालेला. एरेख अप्पायिमचं जुनं ग्रीक भाषांतर याच घराण्यातल्या शब्दानं केलंय. दुसरा 'हुपोमोने', म्हणजे खाली टिकून राहणं, ओझ्याखालून निसटून न जाणं. ढोबळमानानं पहिला माणसांच्या बाबतीत, दुसरा परिस्थितीच्या बाबतीत. कलस्सैकरांस १:११ मध्ये दोन्ही शेजारी शेजारी आहेत. गलतीकरांस ५:२२ मधल्या आत्म्याच्या फळात आणि 'प्रीती सहनशील आहे' (१ करिंथ १३:४) यात मक्रोथुमिया आहे. संकटांत टिकून राहिलेल्या ईयोबाचा धीर (याकोब ५:११) मात्र हुपोमोने.

'सहनशीलता' या शब्दाबद्दल माझी एक तक्रार आहे. सहन करणं म्हटलं की सोसणारा डोळ्यांपुढे येतो, ज्याच्यापुढे दुसरा इलाज नाही असा. मग मार खाणाऱ्यालाच 'सहनशील हो' असं सांगितलं जातं, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटतं. मक्रोथुमिया हा मुख्यतः ज्याच्या हातात शिक्षा करण्याची ताकद आहे त्याचा गुण आहे. मत्तय १८ मध्ये येशूनं सांगितलेल्या दाखल्यातला दास १०,००० तालांतांच्या कर्जापोटी राजाच्या पाया पडून जे मागतो ते हेच, माझ्याशी दमानं घ्या. राजा सगळं कर्ज सोडतो. तोच दास बाहेर जाऊन १०० दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. सोबतीही अक्षरशः तेच शब्द बोलतो, आणि याला ते ऐकू येत नाहीत. एका तालांताचे साधारण ६,००० दीनार होत, म्हणजे त्याला सुटलेलं कर्ज आणि तो वसूल करत असलेलं कर्ज यात सहा लाख पटींचा फरक आहे.

म्हणून माझं उत्तर असं : संकटात टिकण्यासाठी 'धीर' हाच शब्द वापरावा, तो नेमका आहे. माणसांशी वागण्यासाठी 'सहनशीलता' रूढ आहे, ती राहू द्या. पण मुलांना शिकवताना किंवा प्रार्थनेत मी 'मला दमानं घ्यायला शिकव' असं म्हणतो. आणि 'मंदक्रोध' वाचताना मध्ये थांबू नये. 'मंद' म्हणून विराम घेतला आणि मग 'क्रोध' म्हटलं की ऐकणाऱ्याला दोन सुटे शब्द ऐकू येतात आणि देवाच्या गुणांच्या यादीत क्रोध वेगळा जाऊन बसतो.