शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं, हे नाटक की आजार?

खानापूर तालुक्यातलं गाव सोडून बेळगाव शहरातल्या वडगावात यंत्रमागावर कामाला आलेलं एक कुटुंब. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा आठवीत. सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होता, आता शहरातल्या हायस्कूलला. आईची तक्रार अशी: "रोज सकाळी पोट दुखूलालंय म्हणतोय. अकरा वाजले की बरा. रविवारी तर काहीच नाही. नाटकच की हे, सर?"

नाटक नव्हे. भीतीने आतड्याची हालचाल बदलते आणि दुखणं खरंच होतं. तरीही आधी डॉक्टर. ताप, वजन घटणं, शौचातून रक्त, झोपेतून उठवणारी कळ यांपैकी काही असेल तर समुपदेशन थांबवून तपासणी करायची. शिवाय मुलाशी एकट्याने बोलून शाळेत कुणी मारतं का, नको तसा स्पर्श करतं का, हे विचारायचंच. तसं असेल तर मुलाला शाळेत ढकलण्याआधी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन.

इथे दोन्ही नव्हतं. मग आईला दहा दिवस एक वही भरायला दिली: वेळ, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. चौथा रकाना सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच लोक रिकामा सोडतात. त्यात दिसलं ते असं. शाळा टळली की आज्जी पेज देते, दुपारी मोबाईल मिळतो आणि कन्नडच्या तासाला उभं राहून वाचावं लागत नाही. सुरुवातीला फक्त वाचनाच्या दिवशी दुखायचं, हळूहळू सगळे दिवस त्यात आले.

मानसशास्त्रज्ञ स्किनर याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. नाव फसवं आहे, शिक्षेशी त्याचा संबंध नाही. नकोशी गोष्ट टळते, म्हणून टाळण्याची सवय पक्की होते. वडिलांनी मोबाईल काढून घेतला तरी फरक पडला नाही, त्याचं कारण हेच. खरं बक्षीस मोबाईल नव्हतं, ती सुटका होती. "घाबरू नकोस" हेही फार पोहोचत नाही. मानसशास्त्रज्ञ बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'मला जमेल' हा विश्वास सर्वात जास्त बळावतो तो स्वतः करून जमल्यावर. समजुतीचं बळ त्यापुढे कमी.

म्हणून पायऱ्या लहान ठेवल्या. संध्याकाळी रिकाम्या शाळेत वडिलांबरोबर फेरी. मग सकाळचे दोन तास. मग कन्नडच्या तासाला बसणं, पण वाचन नाही. मग मधल्या सुट्टीत बाईंसमोर दोन ओळी, आदल्या दिवशी घरी वाचलेल्या. शेवटी त्याच ओळी वर्गात. एक पायरी निवांत जमल्याशिवाय पुढची नाही. बाई राजी झाल्या नसत्या तर हे कोलमडलं असतं. बालविकासाचे अभ्यासक ब्रॉन्फेनब्रेनर घर आणि शाळा यांच्यातल्या दुव्याला मुलाच्या वाढीत वेगळं स्थान देतात ते उगाच नाही. एकट्या मुलाला खुर्चीत बसवून उपदेश करणारं समुपदेशन इथे अपुरंच पडतं.

बिघडतं ते बहुधा पहिल्या आठवड्यात. सुटका बंद झाली की दुखणं आधी वाढतं: रडणं, उलटी, दाराला धरून बसणं. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं. चार दिवस खंबीर राहून पाचव्या दिवशी "आजचा दिवस राहू दे" म्हटलं, तर मूल शिकतं की जास्त रडलं की सुटका होते, आणि अशा अधूनमधून मिळालेल्या सुटकेने लागलेली सवय मोडायला सर्वात अवघड. इथे आज्जीचा जीव तुटायचा. तिला बाजूला सारण्यापेक्षा पेज सकाळी साडेसातलाच, शाळेआधी द्यायचं काम तिच्याकडे सोपवलं.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर दुखणं परत डोकं काढू शकतं. सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत झोपेची वेळ शाळेसारखी करा, दोन ओळींचं वाचन चालू ठेवा आणि पहिल्या सकाळी पूर्ण दिवस जमला नाही तरी दोन तास पाठवाच. पाठवूनही खाणंपिणं सुटलं किंवा मरणाची भाषा आली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ वर त्याच दिवशी बोला.