पानावरची जोडाक्षरं फुटतात

प्रश्न: आजीच्या पाककृतींची पुस्तिका लाटेकमध्ये (आज्ञा लिहून छापायची पानं मांडायचं सॉफ्टवेअर) करून राहिलो. घरच्या कॉम्प्युटरवर लाटेक चालवणारं मिकटेक टाकलं, पहिल्यांदा पान कोरंच आलं, मग मुक्ता फॉन्ट लावला तर ‘प्रमाण’चं ‘प्‌रमाण’ होऊन राहिलंय अन् ‘मिरची’ची वेलांटी म च्या उजवीकडे जाऊन बसते. काय चुकतंय?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: अहो, तुम्ही जवळजवळ पोचलाच आहात. कोरं पान आलं कारण लाटेकच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात, तो दोष तुमचा नव्हे. आता फॉन्टस्पेक पॅकेजमध्ये (फॉन्ट निवडायची लाटेकची पुरवणी) जिथे मुक्ताचं नाव लिहिलंय ना, तिथेच चौकोनी कंसात स्क्रिप्ट, म्हणजे लिपी, देवनागरी आहे (Script=Devanagari) असं सांगायचं राहिलंय, ते नाही सांगितलं की लाटेक एकेक अक्षर सुटं मांडतं, जोडाक्षर कसं बनवायचं ते त्याला कळतच नाही बिचाऱ्याला. एवढी एक भर घाला, ‘मिरची’ सरळ होईल.

टेकवर्क्समध्ये (मिकटेकसोबत येणारी लिहायची खिडकी) वरच्या हिरव्या बटणाशेजारी लाटेकचा पीडीएफलाटेक हा प्रकार निवडलेला असेल तर झीलाटेक करा, अन् फाइल यूटीएफ-८ मध्येच (देवनागरी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) सेव्ह करा. मिकटेक लागेल तसं पॅकेज नेटवरून ओढतं, म्हणून पहिल्या वेळी नेट चालू ठेवा, उगाच अडकलं म्हणून बंद करू नका (मी दोनदा केलंय). डॉनल्ड कनुथ यांनी १९७८ मध्ये लाटेकचा पाया असलेलं टेक आणलं तेव्हा आपल्या जोडाक्षरांचा विचार नव्हता, झीलाटेक ज्यावर चालतं ते झीटेक नंतर आलं.

सावजी रस्सा असेल पुस्तिकेत तर एक प्रत इकडे पाठवा.