कडक नको, पण क्यूबनच हवा : वाचकांचे प्रश्न

सासऱ्यांना कुणीतरी ‘पार्तागास सेरी डे नंबर ४’ हा क्यूबन सिगार दिला होता. त्यांनी तो निम्म्यातच ठेवून दिला, ‘फार कडक आहे’ म्हणाले. साठीला क्यूबनच द्यायचा आहे, पण सौम्य. कुठला घेऊ? (पुणे)

त्यांचं काही चुकलं नाही. पार्तागास हा क्यूबाच्या सर्वांत कडक ब्रँडांपैकी एक. बोलिव्हार आणि रामोन आयोनेस त्याच्याच पंगतीतले, त्यामुळे या तिघांकडे सध्या वळूच नका.

सुरुवात ‘ओयो दे मोंतेरेय’च्या ‘एपिक्युर नंबर २’पासून करा. तो १२४ मिलिमीटर लांब आणि ५० रिंग गेज (सिगारच्या जाडीचं माप) जाड, म्हणजे आकाराने थेट त्या पार्तागासएवढाच आहे. फरक सगळा आतल्या पानांच्या मिश्रणाचा. धूर मलईदार, थोडा लाकडाचा वास, घशाला टोचत नाही. सासऱ्यांना तासभर बसायचा कंटाळा असेल तर ‘के दोर्से नंबर ५०’ घ्या, तो ११० मिलिमीटरचा आहे. हा ब्रँड १९७३ मध्ये फ्रान्सच्या सरकारी तंबाखू मक्तेदारीसाठी काढला गेला आणि आजही हलक्याच गटात मोडतो. ‘फोन्सेका’ आणि ‘राफाएल गोन्सालेस’ही सौम्य आहेत. फोन्सेकाचा प्रत्येक सिगार पातळ कागदात गुंडाळलेला असतो, भेट म्हणून छान दिसतो. एक पायरी वर चालणार असेल तर ‘एच. उपमन’. त्याचा ‘हाफ कोरोना’ जेमतेम ९० मिलिमीटरचा, अर्ध्या तासात संपतो.

दोन सापळे टाळा. पहिला महागाईचा. कोहिबाची पानं तिसऱ्यांदा आंबवतात, त्यामुळे धूर गुळगुळीत लागतो, पण ताकद मध्यमच्या वरच असते. गुळगुळीत लागला म्हणून माणूस भराभर ओढतो आणि नंतर गरगरतं. दुसरा सापळा स्वस्ताईचा. ‘होसे एल. पिएद्रा’ किंवा ‘किंतेरो’ यांच्यात अखंड पानांऐवजी तुकडे भरतात. ते लवकर जळतात, धूर तापतो आणि जिभेला झोंबतो.

पूर्ण पेटी घेण्याआधी दोन-तीन सुटे घ्या. आणि सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका हलक्या सिगारलाही आहे. सासरे एरवी ओढत नसतील तर दुसरी भेट शोधा.

दुकानदार म्हणतो, फिक्या रंगाचा आणि बारीक सिगार घ्या, तो सौम्य असतो. खरं आहे का? (ठाणे)

नाही. रंग दिसतो तो वरच्या एका पानाचा, रॅपरचा. हे पान क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतात, वुएल्ता आबाहो भागात, कापडी मांडवाच्या सावलीत वाढवतात. ते पातळ, लवचीक आणि देखणं असावं यासाठी ही सगळी मेहनत. कडकपणा मात्र आतल्या पानांत असतो आणि ती उघड्या उन्हात वाढलेल्या रोपांची असतात. रोपाच्या तळाचं पान व्होलादो : चव बेताची, पण जळतं छान. मधलं सेको : सुगंध याचा. शेंड्याचं लिहेरो : जाड, तेलकट, सावकाश जळणारं आणि सर्वांत कडक. लिहेरो किमान दोन वर्षं मुरवतात आणि वळताना मधोमध ठेवतात, नाहीतर सिगार एका बाजूने जळत जातो. सौम्य ब्रँड म्हणजे लिहेरो कमी, एवढंच त्याचं गणित. गडद रॅपरचा सिगार तर पुष्कळदा जरा गोडसरच लागतो.

जाडीचंही तसंच. रिंग गेज म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग, तेव्हा ५० म्हणजे सुमारे २० मिलिमीटर आणि ४० म्हणजे सुमारे १६. बारीक सिगार घाईने ओढला की लगेच तापतो. नवख्याला ४६ ते ५० जाडीचा आणि लांबीला आखूड सिगार सोपा जातो. आखूड अशासाठी की धुरातलं डांबर आणि निकोटिन पुढच्या तंबाखूवर साचत जातं आणि शेवटचा तिसरा हिस्सा कुठल्याही सिगारचा कडकच होतो.

रंगापेक्षा पेटीचा तळ पाहा. तिथे कारखान्याचा सांकेतिक छाप असतो आणि स्पॅनिशमध्ये महिना-वर्ष. ‘ENE’ म्हणजे जानेवारी, ‘AGO’ म्हणजे ऑगस्ट, ‘DIC’ म्हणजे डिसेंबर. ताज्या पेटीत अमोनियाची झाक राहू शकते, नाकात झिणझिणतं. दीड-दोन वर्षं मुरलेली पेटी मिळाली तर तोच सिगार बराच मवाळ लागतो. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी कुणी पुढे केली तर हात जोडून निघा. कोहिबा अशा पेटीत येतच नाही.

एपिक्युर नंबर २ च घेतला, तरी निम्म्यानंतर कडू झाला आणि घाम फुटला. सिगार खराब होता का? (नाशिक)

बहुतेक नाही. घाम आणि मळमळ ही निकोटिनची. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जातं, धूर छातीत घ्यावा लागत नाही. उपाशीपोटी ओढलात तर त्रास जास्त. जेवणानंतर तासाभराने ओढा. गरगरलं तर सिगार ठेवून द्या, मोकळ्या हवेत बसा, साखरपाणी किंवा काही गोड घ्या. वांती थांबत नसेल किंवा छातीत धडधड वाढली तर डॉक्टर गाठा.

कडूपणा घाईचा. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. सिगार बोटांना गरम लागायला लागला की दोन मिनिटं राखदाणीवर ठेवा. विझला तर विझू दे, पण पुन्हा पेटवण्याआधी राख झाडा आणि एकदा सिगारमधून बाहेरच्या दिशेने हळूच फुंका, साचलेला जुना धूर निघून जातो. सकाळी विझलेला संध्याकाळी पेटवू नका.

टोपी, म्हणजे तोंडाकडचं बंद टोक, कापताना दोन मिलिमीटरच कापा. टोकाची गोलाई जिथे संपते त्या खांद्याच्या खाली कटर गेला की रॅपर उलगडतो आणि तंबाखूचे कण तोंडात येतात. पेटवताना ज्योत टोकाला टेकवू नका. थोडी लांब धरून सिगार फिरवत कडा सगळीकडून काळसर करा, मगच पहिला झुरका. मेणबत्ती आणि पेट्रोलचा लायटर नको, वास पहिल्या इंचभर राहतो. झुरका ओढायला जोर लागत असेल तर सिगार ओलसर असू शकतो. ओल्या सिगारला जोर लावला की तो कडूच होणार.

पावसाळ्यात बुरशी धरते, उन्हाळ्यात कोरडे पडतात. फ्रीजमध्ये ठेवू का? (रत्नागिरी)

फ्रीज नको. तो सिगार सुकवतो आणि कालच्या कालवणाचा वास लावतो. महागड्या लाकडी ह्युमिडॉरचीही (सिगारसाठी ठरावीक ओल राखणाऱ्या पेटीची) सुरुवातीला गरज नाही. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, आत ६५ टक्क्यांचं दुहेरी आर्द्रता-पाकीट टाका, ते गरजेप्रमाणे ओल सोडतं आणि शोषूनही घेतं. ६० ग्रॅमचं एक पाकीट पंचवीसेक सिगारना पुरतं. बाजारात ६९ टक्क्यांचंही मिळतं, पण क्यूबन सिगार त्यात ओलसर होतात. डबा घरातल्या सर्वांत थंड कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवा.

कोकणात खरी भीती किड्याची. तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी पानात असू शकतात आणि पारा २४-२५ अंशांच्या वर राहिला की फुटतात. रॅपरला टाचणीएवढं भोक आणि डब्यात भुगा दिसला की समजा. सगळे सिगार पिशवीत हवा काढून बंद करा, तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर. ही मधली पायरी गाळलीत तर रॅपर तडकतो. पांढरी कापसासारखी लव ही बुरशीच. रॅपरवर थोडी असेल तर पुसता येते, जळत्या टोकाच्या बाजूला आत शिरली असेल तर सिगार फेकून द्या.

मी न्यू जर्सीत राहते. भावासाठी दुबईहून सौम्य क्यूबन आणले तर चालतील? इथे दुकानात रोमिओ इ हुलिएता मिळतात, तेच घेऊ का?

आणू नका. स्वतःच्या वापरासाठी क्यूबन सिगार आणण्याची मुभा अमेरिकेने २४ सप्टेंबर २०२० पासून काढून घेतली आहे. ते कुठल्या देशात विकत घेतले याने फरक पडत नाही. विमानतळावर जप्त होतील.

अमेरिकेच्या दुकानातला रोमिओ इ हुलिएता क्यूबाचा नसतो. क्रांतीनंतर क्यूबात कारखाने सरकारजमा झाले, जुने मालक देशाबाहेर पडले, म्हणून एकाच नावाचे दोन वेगळे सिगार जगात आहेत. तिथला डोमिनिकन प्रजासत्ताकातून येतो. मोंतेक्रिस्तो आणि एच. उपमन यांचंही तेच. पण भावाला सौम्यच हवा असेल तर यात तोटा काही नाही. कनेटिकट रॅपरचे डोमिनिकन सिगार पुष्कळदा क्यूबनपेक्षाही मवाळ असतात. दुकानात तसं स्पष्ट सांगून मागा. क्यूबनचीच हौस असेल तर भाऊ भारतात किंवा लंडनला येईल तेव्हा तिथेच ओढू दे.