जंतू गेले, मग कोलेस्टेरॉल का वाढलं?

प्रश्न : वय 52. एंडोस्कोपीत एच. पायलोरी हा जठरातला जंतू सापडला, 14 दिवसांचा कोर्स केला. आधीचं एकूण कोलेस्टेरॉल 196, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 38, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 150, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 128. तीन महिन्यांनी हेच आकडे 212, 44, 165 आणि 135. वजनही तीन किलो वाढलं. औषधं बाधली का?
– वाचक, सांगली

उत्तर : औषधांवर खापर फोडू नका. कोर्समधली अँटिबायोटिक्स काही दिवसांतच शरीराबाहेर पडतात.

आधी एचडीएल बघा, ते 38 वरून 44 वर गेलंय. एच. पायलोरी जठराच्या अस्तरात वर्षानुवर्षं सूज धुमसत ठेवतो. त्या सुजेतून सुटणारी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-6 यांसारखी रसायनं यकृतातल्या चरबीच्या व्यवहारात ढवळाढवळ करतात, असं मानलं जातं. जंतू गेल्यावर चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वर येतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

एलडीएलबाबत मात्र अभ्यासांचं एकमत नाही. कुठे घटलं, कुठे तसंच राहिलं, कुठे वाढलं. तुमच्या 7 अंकांच्या वाढीत फारसा दम नाही. एकाच माणसाचं एलडीएल एरवीही इतकं खालीवर होतं. शिवाय अनेक लॅब ते मोजत नाहीत, गणितानं काढतात : एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. 212 – 44 – 33 = 135. म्हणजे ट्रायग्लिसराइड हललं की हाही आकडा हलतो.

खरी चिंता त्या तीन किलोंची. जळजळ थांबली, भूक उघडली आणि बंद केलेली भजी-मिसळ ताटात परत आली, असं बरेचदा होतं. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, 10 ते 12 तास उपाशी राहून तपासणी करा. आधीचे दोन-तीन दिवस मद्य आणि जड जेवण टाळा. कोलेस्टेरॉलची गोळी लागेल की नाही, हे एकट्या 135 वर ठरत नाही. साखर, रक्तदाब, तंबाखू आणि घरातला हृदयरोग हे सगळं डॉक्टर जमेस धरतात.

प्रश्न : मी रोज अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 40 घेतो. पोटाच्या कोर्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आहे. दोन्ही एकत्र चालेल?
– वाचक, ठाणे

उत्तर : या डोसला नाही. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची विल्हेवाट लावणारं यकृतातलं एन्झाइम क्लॅरिथ्रोमायसिन अडवतं. मग रक्तातलं हे स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) कित्येक पटींनी वाढतं, स्नायू झिजतात आणि त्यातून मूत्रपिंडालाही धोका होतो. सिम्व्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन तर क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर घ्यायचंच नाही. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन द्यायचंच झालं, तर दिवसाला 20 मिलिग्रॅमच्या वर नाही.

डॉक्टरांपुढे तीन वाटा असतात : 14 दिवस स्टॅटिन थांबवणं, त्या एन्झाइमवर फारसं अवलंबून नसलेलं रोसुव्हास्टॅटिन देणं, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन वगळून बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि पित्ताची गोळी असा कोर्स देणं. बिस्मथनं शौचाला काळी होते, घाबरू नका. नुकताच हार्ट अटॅक आला असेल किंवा स्टेंट बसवला असेल, तर स्टॅटिन परस्पर बंद करू नका.

नेहमीची चूक पुढेच होते. कोर्स संपतो, थांबवलेलं स्टॅटिन सुरू करायचं राहून जातं, आणि पुढच्या रिपोर्टात उडी मारलेलं एलडीएल पाहून दोष कोर्सला दिला जातो. पुन्हा सुरू करायची तारीख औषधाच्या खोक्यावरच लिहून ठेवा. मांड्या-खांदे ठणकले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : कोर्सनंतरही रक्ताची अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली. जंतू उरलेत?
– वाचक, नाशिक

उत्तर : त्या टेस्टवरून ते कळत नाही, जंतू गेले तरी अँटिबॉडी बराच काळ राहतात. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी युरिया ब्रेथ टेस्ट किंवा शौचाची अँटिजेन टेस्ट करा. त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवा, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.